पूरनकाशाखालच्या जाळीचा हिशेब

धरण सुरक्षा अधिनियम ३० डिसेंबर २०२१ रोजी अमलात आला. आधीच बांधून भरलेल्या आणि कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या प्रत्येक धरणासाठी मालकाने पाच वर्षांच्या आत आपत्कालीन कृती आराखडा तयार करावा, अशी त्यात तरतूद आहे. ही मुदत ३० डिसेंबर २०२६ रोजी संपते. देशात पाच हजारांहून अधिक मोठी धरणे आहेत आणि त्यांतील सर्वाधिक एकट्या महाराष्ट्रात आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे या कामाचा पसारा कळतो. अशा आराखड्याचा गाभा एक नकाशा असतो. धरण फुटले किंवा सांडव्यावरून महापूर सोडावा लागला, तर खालच्या खोऱ्यात पाणी कुठवर पसरेल, किती खोल असेल आणि कोणत्या गावी किती मिनिटांत पोहोचेल, हे तो नकाशा सांगतो.

नकाशा हाती आला की पुढचे निर्णय त्याच्या भरवशावर होतात. निळ्या रंगाबाहेर पडलेली शाळा निवाऱ्यासाठी निवडली जाते. निळ्या रंगात न बुडालेला रस्ता स्थलांतराचा मार्ग ठरतो. चाळीस मिनिटांत पाणी येईल असे लिहिलेल्या गावासाठी भोंगा आणि वाहने यांची तजवीज त्या चाळीस मिनिटांच्या हिशेबाने होते. मात्र हा रंग आणि ही मिनिटे ज्या गणनेतून निघाली, ती गणना जमिनीवर अंथरलेल्या एका अदृश्य जाळीवर झालेली असते. छापील नकाशावर ती जाळी दिसत नाही, आणि ती नीट विणली होती की नाही हे विचारण्याची पद्धतही आपल्याकडे रुळलेली नाही. ही पद्धत आता पडली पाहिजे. जाळीची तपासणी केल्याचा लेखी हिशेब जोडलेला नसेल, तर कोणताही पूरनकाशा, मग तो शासकीय आराखड्यातला असो वा शोधप्रबंधातला, पूर्ण मानला जाऊ नये.

जाळी कशासाठी?

पसरणाऱ्या पुराचे गणित तसे जुने आहे. फ्रेंच अभियंता बारे द सँ-व्हनाँ याने १८७१ मध्ये उथळ प्रवाहाची समीकरणे मांडली. पाण्याच्या खोलीच्या मानाने त्याचा विस्तार फार मोठा असेल, तर उभ्या दिशेतील हालचाल बाजूला ठेवून सरासरी वेग आणि पाण्याची पातळी एवढ्यांवरच काम भागते, ही त्यामागची कल्पना. आजची द्विमितीय पूरप्रारूपे याच समीकरणांचे विस्तारित रूप सोडवतात. खऱ्या जमिनीवर ही समीकरणे कागदावर सुटत नाहीत. म्हणून सारा प्रदेश लहान लहान तुकड्यांत विभागावा लागतो. या तुकड्यांच्या जाळीला 'मेश' आणि एकेका तुकड्याला 'सेल' म्हणतात. प्रत्येक सेलमध्ये पाण्याची एक पातळी धरली जाते, सेलच्या कडांवरून किती पाणी कुठे जाते हे मोजले जाते, आणि काही सेकंदांच्या टप्प्याटप्प्याने हाच हिशेब लाखो वेळा केला जातो.

अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाचे 'हेक-रास' हे सॉफ्टवेअर यासाठी विनामूल्य मिळते. २०१६ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून त्यात द्विमितीय गणनेची सोय झाली आणि भारतातील महाविद्यालयांपासून शासकीय कार्यालयांपर्यंत ते पोहोचले. ही मोठी चांगली गोष्ट झाली. पूर्वी ज्या कामासाठी महागडे परवाने लागत, ते काम आता साध्या लॅपटॉपवर होते. प्रदेशाची सीमा आखावी, सेलचा आकार लिहावा, कळ दाबावी, की काही क्षणांत जाळी तयार! धोका नेमका इथे आहे. जाळी इतकी सहज तयार होते, की ती तपासायची असते हेच विसरायला होते.

सॉफ्टवेअर काही तपासण्या स्वतः करते. हेक-रासमध्ये एका सेलला आठपेक्षा अधिक बाजू असू शकत नाहीत. तसे झाले, किंवा एका सेलमध्ये दोन केंद्रे आली, तर तो सेल लाल रंगात दाखवला जातो आणि तो दुरुस्त केल्याशिवाय गणना पुढे जात नाही. लाल ठिपके नाहीसे झाले की विद्यार्थी सुटकेचा निःश्वास टाकतो. परंतु लाल ठिपका नसणे याचा अर्थ एवढाच, की या जाळीवर गणना चालू शकते. त्या गणनेचे उत्तर बरोबर येईल, असे आश्वासन कोणत्याही सॉफ्टवेअरने दिलेले नाही.

आकार, कोन आणि वेळेचा टप्पा

जाळीची पहिली कसोटी भूमितीची. त्रिकोणी जाळीत एखादा त्रिकोण सुईसारखा निमुळता झाला, तर त्याच्या कडांवरचे उतार आणि प्रवाह यांचे अंदाज बिघडतात. म्हणून सर्वांत लहान कोनाला खालची मर्यादा घालतात. ऑस्ट्रेलियात विकसित झालेल्या 'अनुगा' या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये ही मर्यादा मुळातच २८ अंश ठेवलेली असते. याच अनुगाच्या आधारे सी-डॅकने राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनअंतर्गत महानदी खोऱ्यासाठी पुराची द्विमितीय गणना उभी केली आहे. म्हणजे हे ज्ञान आपल्या देशात नाही असे मुळीच नाही. ते मोजक्या संस्थांबाहेर दैनंदिन सवयीचे झालेले नाही, इतकेच.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. दोनशे मीटरच्या सेलला लागून वीस मीटरचा सेल आला, तर मोठ्यातून लहानात जाणाऱ्या लाटेला वाटेत जणू उंबरठा लागतो आणि नसलेली खळबळ उत्तरात दिसू लागते. आकार हळूहळू बदलत जावा, हा नियम म्हणूनच घातलेला आहे. तिसरी गोष्ट काटकोनाची. शेजारच्या दोन सेलची केंद्रे जोडणारी रेषा त्यांच्यामधील कडेला जितकी लंब, तितका कडेवरून जाणाऱ्या प्रवाहाचा अंदाज चांगला. रशियन गणिती जॉर्जी व्होरोनोई याने १९०८ मध्ये आणि बोरिस डेलोने याने १९३४ मध्ये मांडलेल्या रचना आज जाळी विणण्याच्या मुळाशी आहेत, त्याचे एक कारण हा काटकोन. व्होरोनोईच्या रचनेत तो आपोआप साधतो. प्रदेशाच्या सीमेजवळ आणि हाताने केलेल्या फेरफारांच्या जागी मात्र तो बिघडू शकतो, म्हणून तपासणीची नजर आधी तिथे गेली पाहिजे.

भूमितीशी वेळेचा टप्पा बांधलेला असतो. कूराँ, फ्रीडरिख्स आणि लेवी या तीन गणितींनी १९२८ मध्ये दाखवून दिले, की एका टप्प्यात लाट जेवढे अंतर कापते, तेवढे अंतर जाळीतील माहितीनेही कापले पाहिजे, नाहीतर उत्तर भरकटते. लाटेचा वेग गुणिले वेळेचा टप्पा, भागिले सेलची लांबी, हा 'कूराँ अंक'. सरळ पुढे पावले टाकणाऱ्या पद्धतींत तो साधारणपणे १ च्या आत ठेवावा लागतो. एक हिशेब करून पाहावा. नऊ मीटर खोल आणि सेकंदाला तीन मीटर वेगाने वाहणाऱ्या पाण्यात लाट सेकंदाला सुमारे १२.४ मीटर पुढे सरकते. सेल ३० मीटरचा असेल तर वेळेचा टप्पा २.४ सेकंदांपर्यंत चालतो. त्याच जाळीत चुकून एक मीटरचा एकच त्रिकोण घुसला, तर सर्व सेलसाठी एकच टप्पा वापरणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो ०.०८ सेकंदांवर येतो आणि सगळी गणना तीसपट लांबते. रात्रभरात संपणारे काम आठवडाभर का चालले आहे, याचे उत्तर पुष्कळदा अशा एका त्रिकोणात दडलेले असते. हेक-रासची पद्धत वेगळी आहे. तिच्यात मोठा टप्पा घेतला तरी गणना सहसा कोसळत नाही, पण लाटेचा माथा बोथट होत जातो. कोसळणारी गणना निदान आपली चूक ओरडून सांगते. बोथट झालेले उत्तर काहीच बोलत नाही.

बांध सेलच्या पोटात गेला तर

भूमितीच्या सर्व कसोट्या उतरलेली जाळीही पुराचे चित्र पार उलटे काढू शकते, आणि मैदानी भारतात हा धोका सर्वांत मोठा आहे. गंगेच्या मैदानात, कोसीच्या पंख्यावर, महानदीच्या त्रिभुज प्रदेशात पाणी कुठे जाते हे नैसर्गिक उंचीइतकेच माणसाने घातलेले भराव ठरवतात. रेल्वेचे भराव, महामार्ग, कालव्यांचे काठ, पूर रोखण्यासाठी नदीकाठी घातलेले बांध, या सगळ्यांचा त्यात वाटा आहे.

असे समजू, की शंभर मीटरच्या एका सेलच्या मधोमध रेल्वेचा भराव जातो. भोवतालची जमीन समुद्रसपाटीपासून २१० मीटर उंचीवर आहे आणि भरावाचा माथा २१५ मीटरवर. हेक-राससारखी सॉफ्टवेअर सेलच्या आतील उंचसखलपणा विसरत नाहीत. कोणत्या पातळीला सेलमध्ये किती पाणी मावते, याचा तक्ता ती आधीच करून ठेवतात. पण सेलमध्ये पाण्याची पातळी एकच असते. भरावाच्या वरच्या अंगाने अर्धा मीटर पाणी आले, की सेलची पातळी २१०.५ होते, आणि ती भरावाच्या दोन्ही अंगांना लागू होते. पलीकडच्या कडेवरची जमीन २१० मीटरवर असल्यामुळे पाणी तिथून पुढे निघते. खऱ्या जगात ज्या भरावावरून जायला पाण्याला अजून साडेचार मीटर चढायचे आहे, त्या भरावातून संगणकातले पाणी विनासायास आरपार जाते.

उपाय साधा आहे. भरावाच्या माथ्यावरून एक रेषा आखून सॉफ्टवेअरला सांगायचे, की सेलच्या कडा या रेषेवर आल्या पाहिजेत. या रेषेला 'ब्रेकलाइन' म्हणतात. कड माथ्यावर आली की पाणी २१५ मीटरपर्यंत चढल्याशिवाय पलीकडे जात नाही. पण ही रेषा माणसाला आखावी लागते, आणि त्यासाठी उपग्रहचित्र, जुने भूनकाशे आणि शक्य तिथे प्रत्यक्ष पाहणी यांची सांगड घालावी लागते. उलट बाजूची चूकही तेवढीच घातक. भराव नीट आखला, पण त्याखालच्या मोऱ्या आणि पूल प्रारूपात घातलेच नाहीत, तर संगणक पलीकडची वस्ती कोरडी दाखवतो आणि खरे पाणी मोरीतून तिच्या अंगणात येते.

इथे अनेक अहवालांतील एका आवडत्या वाक्याचा विचार करायला हवा. 'पाण्याच्या एकूण घनफळातील त्रुटी एक टक्क्याहून कमी आहे' असे लिहिले, की गणना विश्वासार्ह ठरली असे मानले जाते. ही तपासणी आवश्यकच आहे, कारण वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम मोडणारे उत्तर पाहण्याच्याही लायकीचे नसते. परंतु भरावातून आरपार गेलेल्या पाण्याचा एक थेंबही हरवलेला नसतो. घनफळाचा हिशेब शून्य त्रुटीने जुळतो आणि पाणी मात्र भलत्याच गावात पोहोचलेले असते. ताळेबंद जुळला म्हणून प्रत्येक रक्कम योग्य खात्यावर गेली असे होत नाही, हे कोणताही हिशेबनीस सांगेल.

जाळी बदलली की उत्तर बदलते का?

सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत अधिक टाळली जाणारी कसोटी ही. तीच जमीन, तोच विसर्ग, तेच गुणांक ठेवून फक्त जाळी बारीक केली, तर उत्तर किती हलते?

उत्तर हलते, त्यामागे भौतिकशास्त्राचे स्पष्ट कारण आहे. भरड जाळीवर तीव्र लाट आपोआप पसरट होते. सर्वांत साध्या, प्रवाहाच्या वरच्या अंगाकडून माहिती घेणाऱ्या पद्धतीत या कृत्रिम पसरटपणाचे मूल्य कागदावर काढता येते. वेग गुणिले सेलची लांबी यांच्या निम्म्याला '१ वजा कूराँ अंक' याने गुणावे. वेग सेकंदाला ३ मीटर, सेल ५० मीटर आणि कूराँ अंक ०.५ असेल, तर विसरणाचा गुणांक सेकंदाला ३७.५ चौरस मीटर येतो. हे विसरण नदीत कुठेही नाही. ते फक्त जाळीत आहे. कूराँ अंक तोच ठेवून सेल निम्मा केला की ते निम्मे होते. त्याच्या प्रभावाने धरणफुटीच्या लाटेची पुढची धार जराशी आधी आणि पातळ होऊन पोहोचते, तर तिचा माथा खरा असतो त्याहून ठेंगणा दिसतो. पाणी किती वेळात येईल आणि किती खोल असेल, हे आराखड्यातील दोन्ही आकडे यामुळे बिघडतात.

ही चूक मोजण्याची युक्ती लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी दिली. १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रबंधात ती ज्या उदाहरणासाठी वापरली होती, ते उदाहरण होते दगडी धरणातील ताणांचे. एकच प्रश्न वेगवेगळ्या आकाराच्या जाळ्यांवर सोडवायचा आणि उत्तरे कोणत्या गतीने स्थिरावत आहेत यावरून अनंत बारीक जाळीवरचे उत्तर अंदाजायचे.

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नदीकाठच्या रुग्णालयापाशी पाण्याची कमाल खोली ८० मीटरच्या जाळीवर १.७ मीटर आली, ४० मीटरच्या जाळीवर २.१ आणि २० मीटरच्या जाळीवर २.३. पहिला फरक ०.४, दुसरा ०.२. म्हणजे सेल निम्मा केला की फरकही निम्मा होतो. याच चालीने पुढचे फरक ०.१, ०.०५ असे मिळवत गेल्यास उत्तर २.५ मीटरकडे जाते. आता पहिल्या जाळीवर थांबलेल्या अहवालाचा विचार करावा. त्याने १.७ मीटर लिहिले असते, म्हणजे उभ्या माणसाच्या उंचीएवढे पाणी. समीकरणे प्रत्यक्षात सांगत आहेत अडीच मीटर, म्हणजे तळमजल्यावरचे दार पूर्ण बुडालेले. रुग्णालयाचे जनित्र कुठे बसवायचे, हा निर्णय या ऐंशी सेंटिमीटरवर अवलंबून असतो.

कधी उत्तरे अशी शिस्तीत स्थिरावत नाहीत. पाणी पोहोचण्याची वेळ तीन जाळ्यांवर ५२, ६१ आणि ५६ मिनिटे अशी मागेपुढे होते. मग प्रामाणिक अहवालाने ५२ ते ६१ मिनिटांचा पट्टा द्यावा आणि इशाऱ्याचे नियोजन त्यातील कमी वेळेवर करावे. 'पाणी ५६ मिनिटांत पोहोचेल' असे एकाच आकड्यात लिहिणे हा तिथे अचूकतेचा नुसता आव ठरतो.

'बाकीचेच कुठे ठाऊक आहे?'

या आग्रहावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. धरणाला खिंडार किती रुंद पडेल, ते किती वेळात पडेल, त्या वेळी नदीत आधीच किती पाणी असेल, यातले काहीच निश्चित नसते. जमिनीची उंची तरी कुठे नेमकी ठाऊक असते? फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून झालेल्या रडार मोजणीचे आकडे आणि इस्रोच्या कार्टोसॅट-१ वरून तयार झालेले 'कार्टोडेम' हे विनामूल्य मिळतात, पण त्यांचा एकेक ठोकळा ३० मीटरचा आणि उंचीतील चूक काही मीटरची असू शकते. त्यांत झाडांचे शेंडे आणि घरांची छपरेही जमीन म्हणून मोजली जातात. जिथे पायाच इतका डळमळीत, तिथे जाळीच्या सेंटिमीटरांची चर्चा कशाला?

आक्षेपातील अर्धा भाग खरा आहे. उंचीची माहिती ३० मीटरची असताना पाच मीटरची जाळी विणून अधिक तपशील मिळेल, अशी आशा बाळगणे व्यर्थ. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार! बारीक जाळीचा देखणा नकाशा अशा वेळी उलट दिशाभूल करतो. पण जाळीची तपासणी आणि जाळी अकारण बारीक करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तपासणीतून कित्येकदा असाही निष्कर्ष निघतो, की अमुक भागात भरड जाळी पुरे आहे.

आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग मात्र धोकादायक आहे. इतर अनिश्चितता कमी करायला पैसा, वेळ आणि नशीब लागते. लायडारने केलेली उंचीची मोजणी कधी होईल, हे प्रारूपकाराच्या हातात नसते. जाळीतून येणारी चूक ही एकच अशी आहे, की जी तो आपल्या टेबलावर, बाहेरची कोणतीही नवी माहिती न मागता मोजू शकतो. ती मोजली नाही, तर ती गप्प बसत नाही, वेष बदलते. प्रारूप जुन्या पुराशी जुळवून घेताना मॅनिंगचा गुणांक, म्हणजे पात्राचा आणि पूरमैदानाचा खरखरीतपणा, वरखाली केला जातो. भरड जाळीने लाट आधीच बोथट केलेली असेल, तर ती जुळवण्यासाठी नदीचा तळ आहे त्याहून गुळगुळीत दाखवावा लागतो. जुना पूर छान जुळतो आणि सगळ्यांचे समाधान होते. पण नदीचा म्हणून लिहिलेला तो गुणांक आता निम्मा नदीचा आणि निम्मा जाळीचा असतो.

नेहमीच्या पुरात ही तडजोड खपून जाईल. धरणफुटीचा पूर नेहमीच्या पुराच्या कितीतरी पट मोठा असतो, जुन्या पात्राबाहेरून वाहतो, आणि त्याची आधीची नोंद बहुतेक ठिकाणी नसतेच. तिथे जुळवून पाहायला काही नाही. अशा वेळी उरतो तो फक्त समीकरणे नीट सोडवली आहेत एवढाच आधार. बाकीचे काही निश्चित नाही, याच कारणासाठी जे निश्चित करता येते ते करून ठेवले पाहिजे.

दुसरा आक्षेप वेळेचा. शेकडो धरणांचे आराखडे मुदतीत करायचे असताना प्रत्येक गणना तीनदा कोण करणार? इथे अंकगणित मदतीला येते. सेल निम्मा केला की दोन दिशांमुळे सेलची संख्या चौपट होते आणि वेळेचा टप्पाही निम्मा करावा लागतो. काम सुमारे आठपट वाढते. पण हेच उलट दिशेने वाचावे. सेल दुप्पट केला, तर काम एक-अष्टमांश होते. चौपट केला, तर एक-चौसष्टांश. मुख्य गणनेला आठ तास लागत असतील, तर तपासणीच्या दोन भरड गणना मिळून सव्वा तासाहून कमी वेळेत होतात. अधिक बारीक जाळी परवडत नसेल, तर निदान अधिक भरड जाळीवर उत्तर किती हलते ते पाहावे. त्यावरूनही चुकीच्या आकाराचा अंदाज येतो. एवढा वेळ नाही, असे म्हणणे कोणत्याही कार्यालयाला शोभणारे नाही.

या तपासणीची मर्यादाही सांगितली पाहिजे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील साउथ ल्होनक हिमसरोवर फुटले आणि चुंगथांग येथील तिस्ता-३ प्रकल्पाचे धरण वाहून गेले. त्या लोंढ्यात पाण्याबरोबर दगड, माती आणि गाळ यांचा प्रचंड साठा होता. निव्वळ पाण्याची समीकरणे अशा लोंढ्याला कितपत लागू पडतात, हा प्रश्न जाळी कितीही बारीक केली तरी सुटत नाही. समीकरणे नीट सोडवली का, हा एक प्रश्न. योग्य समीकरणे सोडवली का, हा दुसरा. जाळीची तपासणी पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. पहिल्याचे उत्तर हाती नसेल, तर दुसऱ्याची चर्चा करताच येत नाही, कारण नकाशा चुकला तर दोष निसर्गाच्या गुंतागुंतीचा की आपल्या आळसाचा, हेच कळत नाही.

एक पान पुरे

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक पूरनकाशासोबत एक पान असावे आणि त्यावर पाच गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. सेलचे सर्वांत लहान व सर्वांत मोठे आकार आणि उंचीच्या माहितीचा मूळ ठोकळा. कोणत्या भरावांवर, बांधांवर आणि रस्त्यांवर ब्रेकलाइन आखल्या आणि कोणत्या मोऱ्या व पूल धरले, त्यांची यादी. वेळेचा टप्पा आणि गणनेत गाठलेला कमाल कूराँ अंक. घनफळाचा ताळेबंद. आणि शेवटी, महत्त्वाच्या पाच-सहा ठिकाणी कमाल खोली व पाणी पोहोचण्याची वेळ निदान दोन, शक्यतो तीन जाळ्यांवर किती आली, त्याचा तक्ता. हे पान वाचायला तहसील कार्यालयातील अधिकाऱ्याला गणित येण्याची गरज नाही. शेवटच्या तक्त्यातील आकडे एकमेकांच्या जवळ आहेत की दूर, एवढे त्याला दिसले तरी नकाशावर किती विसंबायचे हे त्याला ठरवता येईल.

अशी शिस्त लावता येते, याचा दाखला उपलब्ध आहे. १९८६ मध्ये 'जर्नल ऑफ फ्लुइड्स इंजिनिअरिंग' या अमेरिकी नियतकालिकाने जाहीर केले, की संगणकीय उत्तरातील गणनेची चूक पद्धतशीरपणे न तपासणारा निबंध यापुढे छापला जाणार नाही आणि एकाच जाळीवरची एकच गणना पुरेशी मानली जाणार नाही. त्या धोरणाच्या लेखकांपैकी एक असलेल्या पॅट्रिक रोच यांनी १९९४ मध्ये ही चूक टक्क्यांत सांगण्याची सुटसुटीत रीतही दिली. एका नियतकालिकाच्या संपादकांना जे जमले, ते आपल्या विद्यापीठांना आणि आराखडे तपासणाऱ्या यंत्रणांना जमण्यासारखे आहे. केंद्रीय जल आयोगाने धरणांच्या आपत्कालीन आराखड्यांसाठी २०१६ मध्ये आणि धरणांशी निगडित पूरजोखमीच्या नकाशांसाठी २०१८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केलेली आहेत. त्यांच्या पुढच्या आवृत्तीत हे एक पान सक्तीचे करता येईल.

सुरुवात मात्र वर्गातून व्हावी लागेल. स्थापत्य, जलविज्ञान किंवा भूगोलाच्या पदव्युत्तर प्रकल्पात विद्यार्थी पुराचा रंगीत नकाशा सादर करतो, तेव्हा परीक्षकाने पहिला प्रश्न जाळीविषयी विचारावा. 'सेल निम्मा केला तेव्हा काय झाले?' या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर नकाशा परत द्यावा. हा प्रश्न दोन-तीन वर्षे सातत्याने विचारला गेला, तर चौथ्या वर्षी विद्यार्थी उत्तर घेऊनच येतील, आणि पुढे हेच विद्यार्थी धरणांचे नकाशे करतील.

११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातमधील मच्छू-२ धरण फुटले आणि मोरबीत हजारो माणसे गेली. त्या काळी साध्या संगणकावर खोऱ्याचा पूर मांडून गावोगावचे नकाशे काढणे शक्य नव्हते. आज ते शक्य आहे, आणि त्या नकाशावर बोट ठेवून एखाद्या कुटुंबाला सांगितले जाणार आहे, की अमुक शाळेत जा, तिथे पाणी येणार नाही. ते सांगण्याआधी शाळेजवळचा रस्त्याचा भराव सेलच्या कडेवर आला आहे की पोटात, एवढे कोणीतरी पाहिलेले असले पाहिजे, आणि पाहिल्याचे लिहून ठेवलेले असले पाहिजे.